महागाईचा सरकारी आकडा
महागाई उतरली असे सरकारने म्हणताच पनवेल-रोहा लोहमार्गावरील जिते येथील गृहस्थ आपली बाजाराची पिशवी पुढे करील. आमच्या मते दोघेही खोटे नव्हेत. दरवाढीचा वेग मंदावला म्हणजे भाव उतरले असे नव्हे. पण हे लोकांस सांगतो कोण? शिवाय २०१२ या आधारवर्षाच्या मालिकेत ग्रामीण भागासाठी अन्न-पेयांचा भार शेकडा ५४.१८ होता, आणि घरभाड्यास स्थानच नव्हते! २०११-१२ च्या पाहणीवर बेतलेला हा हिशेब दहा वर्षांहून अधिक काळ चालला. केंद्र सरकारच्या नोकरास औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकानुसार महागाईभत्ता तरी मिळतो. पेणच्या गणपती-कारखान्यातील कारागिराने कोणाकडे पाहावे? सरकारने जिल्हावार निर्देशांक प्रसिद्ध करावा, अशी आमची मागणी आहे.