देवघराचा उंबरठा

गणेश चतुर्थी जवळ आली की आपल्या बेटावरील मराठी घरांतून ढोलकीचा आवाज ऐकू येऊ लागतो. दूर राहणारी मुले घरी येतात, मोदकांसाठी नारळ खवले जातात आणि सारे कुटुंब आरतीला उभे राहते. काही वर्षांपूर्वी अशाच एका चतुर्थीला आमचा एक जुना विद्यार्थी आमच्या दारी आला. घरचा गणपती सोडून हा आमच्याकडे कसा, असे आम्हांला वाटले. चहा झाल्यावर तो हळूच म्हणाला, "गुरुजी, बाबांनी मला आरतीला येऊ नकोस म्हणून सांगितले आहे."

हा मुलगा कडक धार्मिक शिस्तीत वाढला. त्यांच्या घरी संकष्टी व एकादशी कधी चुकली नाही. दहाव्या वर्षापासून तो वडिलांच्या शेजारी बसून भजनाला ढोलकी वाजवीत असे. वयात आल्यावर आपले मन मुलींकडे न जाता मुलांकडे ओढ घेते हे त्याला कळले आणि तो घाबरून गेला. हे आपले पाप आहे असे समजून त्याने उपवास वाढविले. अंगारकीला तो पाण्याचा थेंबही घेत नसे. "मला इतरांसारखा कर, एवढेच देवाजवळ मागत होतो," असे त्याने आम्हांला सांगितले. पुढे एका तरुणावर त्याचे प्रेम जडले. दोघांनी ते सात वर्षे लपविले. शेवटी घरी कळले आणि देवघर त्याला बंद झाले.

वाचकहो, अशा प्रेमाला आपल्या देशात कायद्याचाही धाक होता. १८३८ च्या फौजदारी कायद्यातील २५० व्या कलमाखाली पुरुषांमधील शरीरसंबंधाला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकत असे. आपले पूर्वज गिरमिटावर जहाजाने येथे येऊ लागले, त्या काळातला हा कायदा. २०१९ मध्ये अब्दुल रिदवान फिरास आ सीक या नागरिकाने त्याविरुद्ध दाद मागितली. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, प्रौढ पुरुषांमधील संमतीच्या व खाजगी संबंधांना हे कलम लावणे राज्यघटनेविरुद्ध आहे. हे कलम आपल्या लोकांच्या मूल्यांतून आले नसून वसाहतीच्या राजवटीचा वारसा आहे, असेही न्यायालयाने म्हटले. भारतात १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाबाबत असाच निकाल ६ सप्टेंबर २०१८ रोजी लागला होता.

निकालाची बातमी वाचून आम्ही त्या मुलाच्या वडिलांना भेटलो. ते म्हणाले, "सरकारचा कायदा बदलला असेल, गुरुजी. आपला धर्म बदलला का?"

या प्रश्नाची टिंगल करू नये. ते सच्छील गृहस्थ आहेत आणि मुलाच्या परलोकाची त्यांना खरीच काळजी आहे. म्हणून आम्ही घरी येऊन मनुस्मृती उघडली. तिच्या अकराव्या अध्यायात द्विज पुरुषाला अशा संबंधासाठी प्रायश्चित्त सांगितले आहे ते वस्त्रांसह स्नान. स्त्रियांसाठी मात्र आठव्या अध्यायात कठोर दंड आहेत. शास्त्राने हे योग्य मानले असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या दोषाला पुरुषासाठी शास्त्राने एक स्नान सांगितले, त्यासाठी पोटच्या मुलाला जन्मभर देवापासून दूर ठेवण्याची शिक्षा आपण कोठून आणली? कोणी याला आजार म्हणतात; पण जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकतेला रोगांच्या यादीतून काढून टाकले.

दोष केवळ वडिलांचा नाही. हा मुलगा शाळेत असताना इतर मुले त्याला चिडवीत. तेव्हा आम्ही चिडविणाऱ्यांना काही बोललो नाही; उलट त्यालाच "पुरुषासारखा वाग" असे बजावले. अध्यापनाचे शिक्षण घेतलेल्या आम्हांला त्याचे डोळे वाचता आले नाहीत, याची आज लाज वाटते.

त्याची आई दर चतुर्थीला शेजारणीच्या हाती मोदकांचा डबा पाठविते. वडिलांना ते ठाऊक आहे. ते काही बोलत नाहीत. त्या न बोलण्यातच आम्हांला थोडी आशा दिसते.

बंधू-भगिनींनो, आपल्या नात्यागोत्यात असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर सारे काही एका दिवसात पटवून घ्या असे आम्ही म्हणत नाही. पुढच्या चतुर्थीला त्याला घरी बोलवा आणि आरतीचे तबक त्याच्याही हाती द्या. लोक काय म्हणतील याचा विचार मागाहून करता येईल. तुरुंगाची भीती न्यायालयाने काढून टाकली. देवघराचे दार उघडणे मात्र तुमच्याआमच्याच हाती आहे.