सिकलसेलग्रस्त मुलांच्या हक्काचा कागद

सिकलसेल हा शब्द विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी वस्त्यांना नवा नाही. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मूल वेदनेने तळमळते. घरी त्याला आजारी म्हणतात. शाळेत मात्र तेच मूल आळशी, कामचुकार आणि सतत गैरहजर ठरते!

या मुलांना वारंवार पाणी प्यावे लागते. शरीरातील पाणी कमी झाले की दुखणे उसळते. त्यांच्या मूत्रपिंडावरही परिणाम होत असल्याने लघवीला सारखे जावे लागते. ज्या वर्गात पाण्यासाठी उठणे हा गुन्हा आहे, तिथे हे मूल काय करणार? बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत नळाला हात लावता येत नव्हता; शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. १९२७ साली महाडला आपण पाण्याचा हक्क बजावला. आज कारण वेगळे असेल, पण आजारी लेकराने पाण्यासाठी तोंड वेंगाडावे, हे आपण कसे सहन करायचे?

सरकारने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. तपासण्या झाल्या, कार्डे वाटली गेली. पण घरी पेटीत ठेवलेले कार्ड वर्गातील गुरुजींना कसे दिसणार? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. उरलेले दिवस मूल शिक्षकांच्या हवाली असते. आश्रमशाळेत तर रात्रीसुद्धा.

कायदा आपल्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत सिकलसेलचा समावेश आहे. कलम १६ नुसार सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी देणे अपेक्षित आहे. अशी वाजवी सोय नाकारणे म्हणजे भेदभावच, असे याच कायद्याची व्याख्या सांगते. म्हणजे ही मेहरबानी नव्हे, हक्क आहे.

परंतु तोंडी हक्काला कार्यालयात किंमत नसते. म्हणून प्रत्येक सिकलसेलग्रस्त मुलाचा एका पानाचा आरोग्य आराखडा डॉक्टरांच्या सहीने तयार करावा. त्यात पाणी व लघवीची मोकळीक, औषधांच्या वेळा, थंडी-उन्हातील कवायतीतून सूट, बुडालेला अभ्यास आणि परीक्षा भरून देण्याची सोय लिहावी. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा हातपाय लुळे पडणे, यांपैकी काही झाल्यास लगेच कोणत्या दवाखान्यात न्यायचे आणि कोणाला फोन करायचा, हेही लिहावे. तो कागद मुख्याध्यापकांना देऊन पोच घ्यावी. त्याची वर्गात जाहीर वाच्यता होऊ नये, असेही त्यात नमूद करावे. दाद मिळाली नाही तर राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करताना हीच पोच पुरावा ठरते.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात. आपली माणसे त्या समितीत आहेत, पण बैठकीत सही करून परत येतात. विहारातील कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील अशा मुलांच्या पालकांना गाठावे, कागद लिहून द्यावा आणि सोबत शाळेत जावे. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश आजारी मुलांसाठीही आहे. त्यांना वर्गात टिकवणे ही चळवळीचीच जबाबदारी आहे.