पहिले साठ फूट

मागच्या भागाच्या शेवटी मी सहज बोलून गेलो की लोणावळ्याकडे जाऊन ड्रॅग स्ट्रिपवर गाडी पळवून आलो. त्यानंतर आठवडाभर एकच प्रश्न येतोय. "सरळ रेषेत गाडी पळवायला शिकायचं काय असतं रे? रेस द्यायची नि जायचं!"

खरं सांगू? मलाही अगदी हेच वाटायचं. वेंगुर्ल्यात गाडी शिकलेल्या माणसाला वळणांची भीती नसते. आमच्याकडे रस्ता म्हणजेच वळण. बंदराकडून वर चढा, नाहीतर शिरोड्याकडे जा, दोनशे मीटर सरळ रस्ता सापडला तर बक्षीस. त्यामुळे चारशे मीटर सरळ जायचं म्हणजे आराम, असं धरून मी गेलो. आणि पहिल्या साठ फुटांतच नाक कापून घेतलं. आजचा भाग त्या साठ फुटांवर आहे.

आधी ड्रॅग म्हणजे काय ते पटकन. दोन गाड्या शेजारी उभ्या करतात. सरळ पट्टा, पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. दिवा हिरवा झाला की सुटायचं, आधी पोचेल तो जिंकला. आपल्याकडे यातली सगळ्यांत माहितीतली जागा म्हणजे ॲम्बी व्हॅलीची धावपट्टी, जिथे 'द व्हॅली रन' होत आली आहे. तिथे बुलेटपासून लॅम्बोर्गिनीपर्यंत सगळं दिसतं, पण ज्याच्या त्याच्या वर्गात. शेजारी शेवटी आपल्यासारखाच कुणीतरी घाबरलेला उभा असतो.

मी नेली होती माझी पोलो. मॅन्युअल गियर, टर्बो पेट्रोल, पुढच्या चाकांवर चालणारी. सोबत पुण्याचा मावसभाऊ होता, त्याची फोर्ड मस्टँग घेऊन. होय, तीच, पाच लिटरची व्ही-एट. तिच्यावर मी नंतर येतो. तिसरा होता माझा शाळेतला मित्र, काठी टेकत चालणारा. त्याच्यावरही नंतर येतो.

सुरुवातीच्या रेषेवर एक खांब असतो, त्याला सगळे 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. रस्त्यावर आडवे प्रकाशाचे दोन झोत सोडलेले असतात. तुमच्या पुढच्या चाकाने पहिला झोत अडवला की वरचा छोटा दिवा लागतो, म्हणजे जवळ आलात. अजून वीतभर पुढे सरकलात की दुसरा लागतो, म्हणजे जागेवर आलात. आता हलायचं नाही. मग पिवळे दिवे आणि शेवटी हिरवा. पिवळे तीन दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने एकामागून एक लागत असतील, तर जुने खेळाडू हिरव्याची वाट बघतच नाहीत. ते तिसऱ्या पिवळ्याला सुटतात. दिवा दिसून पाय हलायलाच माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, वर गाडीला हलायला थोडा वेळ. तोवर हिरवा झालेला असतो. घाई जास्त झाली तर लाल लागतो आणि शर्यत संपली.

इथे एक गंमत आहे, जी मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हती. तुमच्या गाडीचं घड्याळ हिरव्या दिव्याला सुरू होतच नाही! ते सुरू होतं तुमचं चाक झोतातून बाहेर पडल्यावर. म्हणजे हिरवा झाल्यावर तुम्ही दोन सेकंद झोपून राहिलात तरी गाडीचा वेळ बिघडत नाही. शर्यत मात्र हरता. दिव्याला किती उशिरा हललात आणि गाडीने अंतर किती वेळात कापलं, हे दोन वेगळे आकडे आहेत. म्हणून नवशिक्याला सगळे एकच सांगतात: दिव्याचा विचार नंतर, आधी गाडी सोडायला शीक. या सोडण्यालाच 'लाँच' म्हणतात.

तर माझा पहिला लाँच. पहिला गियर, क्लच पूर्ण दाबलेला, सुई पाच हजारांवर, हिरवा दिवा, आणि मी क्लचवरून पायच काढला. सिनेमात तसंच करतात ना. पुढची दोन्ही चाकं जागच्या जागी किंचाळली, बॉनेट थडथड उडायला लागलं, आत रबराचा वास. शेजारची गाडी गेलीसुद्धा. पहिले साठ फूट मला २.९ सेकंद लागले, पूर्ण ४०२ मीटरला १८.१. साध्या सिग्नलला कुणीही काकू याहून नीट सुटते.

दुसऱ्यांदा मी शहाणपणा केला आणि अठराशेवर सोडली. गाडी घुर्र करून जवळजवळ बंदच पडली. टर्बोला फिरायला हवाच मिळाली नव्हती. पहिल्यांदा ताकद जास्त आणि पकड कमी, दुसऱ्यांदा नुसती पकड आणि ताकदच नाही. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची, एवढंच काय ते लाँच शिकणं. पण ती जागा पायाने शोधायची असते, डोक्याने नाही.

डोक्याने निदान समजून तरी घेऊ. एसटी सुटते तेव्हा उभी माणसं मागे झुकतात, हे आपण रोज बघतो. गाडीचं वजनही तसंच मागे झुकतं. माझी गाडी माझ्यासकट साधारण १२०० किलो धरा, त्यातलं साठ टक्के, म्हणजे ७२० किलो पुढच्या चाकांवर. जोरात सुटताना ढोबळ हिशेबाने शंभर-एक किलो मागे सरकतात. म्हणजे जी चाकं गाडी ओढतायत, त्यांच्यावरचं ओझं नेमकं तेव्हाच कमी होतं जेव्हा त्यांना ते हवं असतं. चाक जमिनीला पकडतं ते ओझ्याच्या जोरावर. ओझं कमी झालं की पकड कमी आणि चाक घसरतं. शिवाय पूर्ण घसरणारा टायर थोडा घसरणाऱ्या टायरपेक्षा कमी ओढतो. किंचित घसरण चांगली, किंचाळणं वाईट. प्रेक्षकांना किंचाळणं आवडतं, ते सोडा.

मग तिसरा प्रयत्न. आणि इथे माझा मित्र.

त्याच्याविषयी सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी कुडाळजवळ नव्या चौपदरी हायवेवर रात्री साडेअकराला त्याने आणि अजून एकाने बाइकची 'ड्रॅग' लावली होती. रस्ता नवा, रुंद, रिकामा. दुभाजकातून एक म्हैस बाहेर आली. दुसरा वाचला, याच्या पायात रॉड पडला, तीन ऑपरेशनं झाली. म्हैस मेली, तेही तो दर वेळी सांगतो. त्या रात्री त्याने मलाही फोन केला होता, 'येतंस काय?' म्हणून. मी जेवत होतो म्हणून गेलो नाही. यापेक्षा मोठं कारण नव्हतं.

तर तो पट्ट्याच्या कडेला, कुंपणाच्या मागे खुर्चीवर बसून माझी चाकं बघत होता. रापणकरांच्या घरातला मुलगा, लहानपणापासून किनाऱ्यावर दोरी ओढलेला. मी परत आलो तर म्हणाला, "तू हिसको मारतंस. रापण ओढताना काय करतत? आधी दोरयेचो ढील काढतत, मगे ओढतत. ढील असताना हिसको मारलंस तर हातच सोलतले."

मंडळी, यूट्यूबवर मी चाळीसेक व्हिडिओ बघून गेलो होतो. एकातही हे इतकं नीट सांगितलेलं नव्हतं. इंजिनपासून चाकापर्यंत गियर, शाफ्ट, रबरी माउंट अशी साखळी असते आणि तिच्यात सगळीकडे थोडी थोडी ढील असते. क्लच एकदम सोडला की आधी ती ढील झटक्यात भरते, मग झटका टायरला लागतो आणि टायर सुटतो. तो परत पकडतो, परत सुटतो. ते बॉनेटचं थडथडणं म्हणजे हेच.

म्हणून तिसऱ्यांदा असं केलं. सुई अठ्ठावीसशेवर धरली. क्लच हळू वर आणत हाफ क्लचच्या उंबरठ्यावर नेला, जिथे गाडी पुढे झुकल्यासारखी होते पण हलत नाही. बंदराच्या चढावर हँडब्रेक ओढून गाडी उचलताना जे करतो ना, तेच. ढील निघाली. दिवा लागला तसा क्लच सोडला नाही, सरकवला, साधारण एक सेकंदभर, आणि तेवढ्याच वेळात दुसरा पाय खाली गेला. चाकांनी बारीक चिर्र केलं आणि गाडी निघाली. साठ फूट २.४५. पूर्ण अंतर १७.४.

आता आकडे बघा. साठ फुटांत मी वाचवले ०.४५ सेकंद. पण शेवटी वाचले ०.७. हे जास्तीचे पाव सेकंद आले कुठून? सुरुवातीला मिळालेला वेग पुढे पूर्ण अंतरभर तुमच्यासोबत राहतो, व्याजासारखा. ड्रॅगवाले म्हणतात की साठ फुटांत वाचलेला सेकंदाचा दहावा भाग शेवटी दीड ते दोन दहावे भाग देऊन जातो. म्हणून ती मंडळी इंजिनवर लाखभर घालण्याआधी टायर बघतात.

क्लचचं एक लक्षात ठेवा. तो असा सरकवला की तापतो. प्रत्येक फेरीनंतर गाडी थंड होऊ द्या, नाहीतर परत वेंगुर्ल्याला टोचन करून यावं लागेल. आणि पॉलिसीचे कागद नीट वाचा. गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी बसत नाही. जे मोडेल ते आपलं.

आता मस्टँग. भावाने चावी दिली आणि म्हणाला, "एक फेरी. नाही, दोन." त्या गाडीला क्लचचा पेडल नाही, ऑटोमॅटिक आहे. मला वाटलं, सोपंच झालं. डाव्या पायाने ब्रेक, उजव्याने थोडी रेस, दिवा लागला की ब्रेक सोडायचा. इथे ताकद मागच्या चाकांना जाते, म्हणजे मघाचा हिशेब उलटा. सुटताना वजन मागे सरकतं ते बरोबर कामाच्या चाकांवर. म्हणूनच खऱ्या ड्रॅगच्या गाड्या मागच्या चाकांवर चालतात.

पण चारशे अश्वशक्ती आहे. मी हिरव्याला पाय पूर्ण खाली दाबला आणि मागचा भाग उजवीकडे सरकायला लागला. पुढचं चाक घसरलं तर गाडी नुसती सुटत नाही. मागचं घसरलं तर गाडी वळायला बघते, आणि शेजारच्या पट्ट्यात दुसरा माणूस असतो. मी पाय उचलला. सांगायला लाज नाही, हात थरथरत होते. साठ फूट २.७, माझ्या पोलोपेक्षाही वाईट! दुसऱ्या फेरीला अर्धीच रेस देऊन सुटलो आणि गाडीने जमीन पकडल्यावर पाय खाली नेत गेलो. २.२. पूर्ण अंतर १३.६ सेकंदांत, शेवटी वेग १६५च्या आसपास.

आणि तेव्हा मला म्हैस आठवली.

१६५च्या वेगाला गाडी सेकंदाला ४६ मीटर जाते. रेषा ओलांडून ब्रेकवर पाय जाईपर्यंत तेवढे गेले. मग बेताने ब्रेक लावत थांबायला अजून २७० मीटर. म्हणजे चारशे मीटरच्या शर्यतीला सव्वासातशे मीटर मोकळा, सरळ, कोरडा रस्ता लागतो, ज्यावर एकही म्हैस, एकही सायकल, एकही दुभाजकाचं तोंड नाही. असा रस्ता भारतात कुठे आहे? धावपट्टीवर. अमेरिकेतही हे असंच झालं. तिथली पोरं रस्त्यांवर गाड्या लावायची, मरायची. १९५०मध्ये कॅलिफोर्नियात सांता आनाच्या विमानतळावर रीतसर ड्रॅग सुरू झाली, पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी एनएचआरए ही संस्था काढली, आणि महायुद्धातल्या कितीतरी रिकाम्या धावपट्ट्या या खेळाला मिळाल्या. तरी माणसं गेलीच. २००८मध्ये स्कॉट कॅलिटा हा खेळाडू गेल्यावर तिथल्या सगळ्यांत वेगवान गाड्यांचं अंतर पाव मैलावरून १००० फुटांवर आणलं. कशासाठी? थांबायला जागा वाढावी म्हणून.

आता तुमच्यातले निम्मे विचारणार, मग आपल्या चिपीला का नाही? परुळ्याच्या सड्यावर २५०० मीटरची धावपट्टी आहे की! आहे, पण तो २०२१मध्ये सुरू झालेला प्रवासी विमानतळ आहे. तिथे आपल्याला कुणी सोडणार नाही, आणि सोडूही नये. आणि सागरेश्वरच्या वाळूत लाँच शिकणाऱ्यांना फक्त एवढंच सांगतो, भरतीची वेळ बघून जा. गेल्या मे महिन्यात एक गाडी आम्ही अकरा जणांनी ओढून काढलीय.

हायवेवर करणाऱ्यांसाठी कायदाही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९, सार्वजनिक रस्त्यावर शर्यत. पहिल्यांदा पकडलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, परत पकडलात तर वर्षभरापर्यंत किंवा दहा हजार. माझ्या मित्राला हा दंड ऐकून हसू येतं. त्याच्या एका ऑपरेशनचं बिल त्याच्या कितीतरी पट होतं.

धावपट्टीवर मात्र हेल्मेट बघतात, गाडी तपासतात, ॲम्ब्युलन्स उभी असते, आणि एफएमएससीआयच्या परवानगीची स्पर्धा असेल तर त्यांचं लायसन्सही काढावं लागतं. कंटाळवाणं आहे. रांगेत चार तास उभा होतो, पळालो एकूण दीड मिनिट.

घरी आलो, टाइम स्लिप फ्रिजवर लावली. आईने चष्मा लावून वाचली. "चारशे मीटर? तेवढा तर मी बाजारात चलत जातंय," म्हणाली, आणि त्याच्यावर गॅसच्या नंबराची चिठ्ठी लावली.

मित्राने पुढच्या वर्षीचं विचारलंय. त्याचा डावा पाय क्लचवर टिकत नाही, त्यामुळे ऑटोमॅटिक लागेल. भावाला अजून सांगितलेलं नाही. भावा, हा भाग ऐकत असशील तर फोन कर.