इंग्रजी उताऱ्याची भीती रोजच्या 20 मिनिटांत कशी घालवायची?

सरकारी नोकरीची जाहिरात निघाली की अंधेरी, जोगेश्वरी, बोरिवलीपासून घाटकोपर, मुलुंडपर्यंत आपल्या घरांतली मुलं-मुली फॉर्म भरतात. गणिताचा क्लास लावतात, सामान्य ज्ञानाची पुस्तकं आणतात. इंग्रजीचा विषय निघाला की मात्र "ते बघू नंतर" होतं. मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकलेल्या अनेकांच्या मनात पक्कं बसलेलं असतं, की इंग्रजी उतारा सोडवणं हे कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांचं काम. त्यामुळे तयारी चांगली असूनही इंग्रजीचे मार्क हातचे जातात. वय वाढतं, एकेक संधी कमी होते. म्हणून या लेखात आपण तीन गोष्टी पाहू: कोणत्या परीक्षेत इंग्रजी किती असतं, उतारा वाचायचा कसा आणि घरच्या घरी सराव कसा करायचा.

कुठे किती इंग्रजी?

सगळ्याच परीक्षांत इंग्रजी असतं असं नाही. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण असतं, इंग्रजीचा विभाग नसतो. रेल्वेच्या एनटीपीसी परीक्षेतही इंग्रजीचा वेगळा विभाग नाही आणि ती मराठीत किंवा उर्दूत देता येते.

स्टाफ सिलेक्शन कमिशनचं गणित वेगळं आहे. पदवीधरांसाठीची सीजीएल आणि बारावी पाससाठीची सीएचएसएल, या दोन्हींच्या पहिल्या टप्प्यात 100 प्रश्न, 200 मार्क आणि 60 मिनिटं असतात. त्यातले 25 प्रश्न, म्हणजे 50 मार्क, इंग्रजीचे. सीजीएलच्या दुसऱ्या टप्प्यात इंग्रजीचे 45 प्रश्न आणि 135 मार्क आहेत. मेरिटसाठी सगळ्यांना धरले जाणारे मार्क 390, म्हणजे एक तृतीयांशापेक्षा जास्त वाटा एकट्या इंग्रजीचा. दहावी पाससाठीच्या एमटीएस परीक्षेतही इंग्रजीचे 25 प्रश्न आहेत. एमटीएस आणि सीएचएसएलचा पेपर आता मराठी, उर्दूसह 13 प्रादेशिक भाषांत मिळतो, पण इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच राहतो.

बँकेच्या आयबीपीएस क्लार्क पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे 30 प्रश्न 20 मिनिटांत सोडवायचे असतात. एमपीएससी राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅट पेपरात मराठी आणि इंग्रजीचे काही उतारे भाषांतराशिवाय येतात. त्यांची पातळी दहावी-बारावीची असते.

यूपीएससीत मुख्य परीक्षा मराठीतून देता येते. जालना जिल्ह्यातले अन्सार शेख 2015 च्या परीक्षेत, वयाच्या 21 व्या वर्षी, मराठी माध्यमातूनच आयएएस झाले. तरीही मुख्य परीक्षेतला 300 मार्कांचा सक्तीचा इंग्रजी पेपर पास व्हावाच लागतो. त्यात 25 टक्के मिळाले नाहीत, तर बाकीचे पेपर धरले जात नाहीत. त्या पेपरात उताऱ्यावरचे प्रश्न असतात आणि पातळी दहावीची असते.

परीक्षेचं स्वरूप मधूनमधून बदलतं, म्हणून फॉर्म भरताना जाहिरात स्वतः वाचावी.

बोलणं वेगळं, वाचणं वेगळं

"मला इंग्रजी बोलता येत नाही, मग उतारा कसा जमणार?" असं मुलं विचारतात. पण या परीक्षांत कोणी तुम्हाला बोलायला लावत नाही. उतारा समोर असतो, प्रश्न समोर असतो, चार-पाच पर्यायही समोरच असतात. तुम्हाला फक्त ओळखायचं असतं.

ब्राझीलमधल्या मुलांपुढेही हाच प्रश्न असतो. त्यांची भाषा पोर्तुगीज. तिथल्या एनेम या राष्ट्रीय परीक्षेत परदेशी भाषेचे पाच प्रश्न असतात, इंग्रजी किंवा स्पॅनिश. उतारा इंग्रजीत असला तरी प्रश्न आणि पर्याय पोर्तुगीजमध्ये असतात. म्हणजे तपासलं जातं ते एवढंच, की वाचलेलं समजलं का. आपल्याकडे प्रश्नही इंग्रजीत असतात, पण मूळ कसोटी तीच.

उतारा कसा वाचायचा?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक शब्दाचा मनातल्या मनात मराठी किंवा उर्दू अर्थ लावत बसणं. सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात एका प्रश्नाला सरासरी 36 सेकंद मिळतात, आयबीपीएसमध्ये 40. शब्द न् शब्द उलगडायला तेवढा वेळ नसतो.

आधी प्रश्नांवरून पटकन नजर फिरवा, पर्याय वाचू नका. मग उतारा एकदा न थांबता वाचा. अनोळखी शब्द आला तर पुढे चला, पुढच्या वाक्यात त्याचा अर्थ बऱ्याचदा कळतो. प्रत्येक परिच्छेद संपला की मनात एक वाक्य म्हणा: "इथे लेखकाने काय सांगितलं?" हे वाक्य मराठीत असलं तरी चालेल.

काही छोट्या शब्दांवर मात्र थांबायचंच. 'बट', 'हाउएव्हर', 'येट' आले की लेखक वळण घेतोय आणि त्याचं खरं म्हणणं पुढे आहे. 'ऑलदो' आलं की वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला वजन. 'अनलेस' म्हणजे 'जोपर्यंत नाही'. 'हार्डली' म्हणजे 'जवळजवळ नाहीच', त्याचा 'हार्ड'शी, म्हणजे मेहनतीशी, संबंध नाही. 'अ फ्यू' म्हणजे काही थोडे, पण नुसतं 'फ्यू' म्हणजे जवळपास कोणी नाही. "फ्यू फार्मर्स सोल्ड देअर कॅटल" याचा अर्थ, गुरं विकणारे शेतकरी नसल्यासारखेच. एवढ्या एका 'अ'वर उत्तर उलटं होतं.

चुकीचा पर्याय कसा ओळखायचा?

एक उदाहरण घेऊ. समजा उताऱ्याचा आशय असा आहे: "2014 मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. अंधेरी ते घाटकोपर प्रवासाचा वेळ कमी झाला. मात्र स्टेशनपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा अनेकांसाठी पूर्वीइतकाच अवघड राहिला." प्रश्न आहे, लेखकाचं मुख्य म्हणणं काय?

अ) मेट्रोमुळे प्रवासाचा वेळ वाचला.
ब) मेट्रोचा लोकांना काहीच उपयोग झाला नाही.
क) मेट्रोचं तिकीट सामान्यांना परवडत नाही.
ड) मेट्रोने सोय झाली, पण प्रवासाची सगळी अडचण सुटली नाही.

'अ' खरं आहे, पण अर्धंच. 'ब' टोकाचं आहे. 'क' कोणाला पटेलही, पण उताऱ्यात तिकिटाचा विषयच नाही. उत्तर 'ड'. अर्धं खरं, टोकाचं आणि बाहेरचं, हे तीन सापळे पुन्हा पुन्हा येतात. 'ओन्ली', 'ऑल', 'नेव्हर' असलेला पर्याय दिसला की उताऱ्यात खरंच तसं लिहिलंय का, ते परत बघा.

'बाहेरच्या' सापळ्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. उतारा ओळखीच्या विषयावर असला, उदाहरणार्थ रोजा, फाळणी किंवा मुलींचं शिक्षण, तर आपण आपल्याला माहीत असलेलं उत्तर देऊन मोकळे होतो. परीक्षेत विचारलेलं असतं ते लेखकाचं मत. ते आपल्याला पटत नसलं तरी उत्तर उताऱ्यातूनच द्यायचं.

आणि अंदाजाचं काय? सीजीएलच्या दुसऱ्या टप्प्यात बरोबर उत्तराला 3 मार्क, चुकीचं असेल तर 1 वजा. चार पर्यायांत डोळे मिटून ठोकलं तर सरासरी फायदा शून्य. पण दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत हे ओळखलं, तर उरलेल्या दोनांतून एक निवडणं फायद्याचं ठरतं.

रोजची 20 मिनिटं

महागडा क्लास नसला तरी हा सराव होतो. बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात. दहावीच्या 'माय इंग्लिश कोर्सबुक'पासून सुरुवात करा, मग इंग्रजी माध्यमाचं 'कुमारभारती', मग अकरावी-बारावीचं 'युवकभारती'. महिनाभरात खालची पायरी पक्की झाली की वर चढा.

त्यानंतर केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची, म्हणजे पीआयबीची, वेबसाइट वापरा. तिथे अनेक बातम्या इंग्रजी, मराठी आणि उर्दूतही असतात. आधी इंग्रजी वाचा, दोन ओळींत सार मराठीत लिहा, मग मराठी किंवा उर्दू बातमी उघडून ताडून पाहा. आपण कुठे घसरलो, हे शिक्षकाशिवाय कळतं. एमपीएससी आणि यूपीएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या वेबसाइटवर आहेत. शेवटच्या टप्प्यात घड्याळ लावून त्या सोडवा.

एक वही चुकांची ठेवा. उत्तर चुकलं की कारण लिहा: शब्द अडला, 'नॉट' सुटला, टोकाचा पर्याय घेतला की घाई झाली. महिन्याने वही चाळली की आपली खोड कुठली, ते दिसतं. बहुतेकांना वाटतं शब्द कमी पडतात, वहीत मात्र घाई जास्त निघते.

वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी एक हिशोब. वर्सोवा ते घाटकोपर मेट्रोला साधारण 21 मिनिटं लागतात, म्हणजे आयबीपीएसच्या इंग्रजी विभागाएवढाच वेळ. तेवढ्यात मोबाइलवर दोन उतारे होतात.

घरच्यांनी काय करावं?

आपल्या अनेक घरांत एकच खोली, त्यात टीव्ही आणि लहान भावंडं. फजरनंतर किंवा रात्री इशानंतर 20 मिनिटं टीव्ही बंद ठेवला तरी पुष्कळ झालं. धाकट्याला घड्याळ धरून बसवा. अम्मी-अब्बूंना इंग्रजी येत नसलं तरी हरकत नाही. "आज काय वाचलंस, ते आम्हाला मराठीत सांग," एवढंच रोज विचारा. जे नीट सांगता येतं ते समजलेलं असतं, जिथे अडखळायला होतं तो परिच्छेद परत वाचायचा.

बारावीनंतर घरी बसलेल्या मुलींसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. सीएचएसएलला साधारणपणे 18 ते 27 वयोमर्यादा आहे, म्हणजे वेळ आहे, पण अमर्याद नाही. पुढची जाहिरात निघेपर्यंत थांबू नका. आज एक उतारा, चार प्रश्न आणि वहीत एक ओळ, इथून सुरुवात करा.