न झालेल्या कुस्त्यांचा हिशेब

कोल्हापुरात पैलवान हरला तर लोक चार दिवस बोलतात आणि पुढच्या मैदानाची वाट बघतात. पण त्यानं जोड टाळली अशी नुसती कुणकुण लागली, तरी ते बोलणं नातवंडांपर्यंत पुरतं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याही तालमीत जा, अमका तमक्याला का भिडला नाही, यावर आजही आवाज चढतात.

खरं तर पैलवान स्वतः 'नको' म्हणतो असं क्वचितच घडतं. जोड लावणारे दुसरे असतात: वस्ताद, मैदानाचा ठेकेदार, जत्रा कमिटी; पूर्वी संस्थानिक. पोस्टरवर दोन गडी समोरासमोर छापले जातात, खाली इनामाचा आकडा असतो. त्याआधी दोन्ही वस्तादांचं काय बोलणं झालं, ते मात्र कुठंच छापलं जात नाही. त्यामुळं टाळाटाळीचा छडा लावायचा तर सांगितलेलं कारण तपासण्यावाचून गत्यंतर नाही.

गामापासूनच बघू. १९१० साली तो लंडनला गेला, तर उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेतच घेईनात. पाच फूट सात इंचांचा गडी. त्यानं जाहीर आव्हान दिलं, अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला पाडलं, तेव्हा कुठं दार उघडलं. १० सप्टेंबरला पोलंडचा झिबिस्को समोर आला आणि अडीच तासांतला बहुतेक वेळ पालथा पडून राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली. १७ तारखेला निकाली करायचं ठरलं, तर झिबिस्को फिरकलाच नाही. जॉन बुल पट्टा गामाला मिळाला. जगज्जेता म्हणवणारा फ्रँक गॉच अमेरिकेत होता. गामाची आणि त्याची कुस्ती कधीच लागली नाही.

मुष्टियुद्धातही हीच गत होती. त्याच साली ४ जुलैला, अमेरिकेतल्या रिनो गावात जॅक जॉन्सननं जिम जेफ्रीजला ठोकलं. विजेता असताना काळ्या मुष्टियोद्ध्यांना उभं न करणारा हाच तो जेफ्रीज. पण पुढं जॉन्सननं काय केलं? तो स्वतः काळा, तरी सॅम लँगफर्ड या काळ्या, तगड्या गड्याला किताबासाठी एकदाही संधी दिली नाही. १९०६ साली त्याला हरवलेलं होतं, पण तेव्हा लँगफर्ड कोवळा आणि वजनानं कितीतरी हलका. दोन काळ्यांच्या लढतीला तिकिटं खपत नाहीत, हे कारण पुढं केलं जाई. खोटं नव्हतं ते, आणि सोयीचंही होतं.

गामावर असा ठपका ठेवता येईल का? रहीमबक्ष सुलतानीवाला त्याला पूर्वी बरोबरीत रोखून धरत आला होता. लंडनहून परतल्यावर गामानं नेमकी त्याच्याशीच गाठ घेतली आणि जिंकली. १९२८ साली पतियाळात झिबिस्को आला, तो मिनिटभरही टिकला नाही. तेव्हा गामा पन्नाशीचा होता. घोळ त्यानंतरचा आहे. गामाशी लढायचं तर आधी त्याचा भाऊ इमामबक्ष याला पाड, असा दंडकच पडला. हा इमामबक्ष कोल्हापूरला परका नाही. शाहू महाराजांच्या खासबाग मैदानाचं १९१२ साली उद्‌घाटन झालं, त्या पहिल्या मोठ्या कुस्तीत गुलाम मोहिद्दीनसमोर तोच होता. असला मल्ल दारात उभा, मग आत कोण जाणार? माझ्या मते पन्नाशीनंतर गामानं लढावं ही अपेक्षाच चूक. पण मग 'अजिंक्य' या बिरुदातली शेवटची वर्षं इमामबक्षच्या खात्यावर मांडायला हवीत.

उलटं उदाहरण दिल्लीच्या सतपालचं. गुरू हनुमानांचा हा पठ्ठ्या सत्तरच्या दशकात आमच्या मुलखात येऊन लढला. बेळगावला हरिश्चंद्र बिराजदारांकडून हरला, खासबागेत युवराज पाटलांनी त्याला हरवलं. परक्या मातीत, परक्या गर्दीसमोर हरायला छाती लागते, म्हणून कोल्हापूरकर त्याचं नाव आजही मानानं घेतात.

आणि सगळ्यांत उघड टाळाटाळ झाली ती एका बाईच्या बाबतीत. अलीगढच्या सलाम पैलवानाच्या तालमीत तयार झालेल्या हमीदा बानू. वजन १०८ किलो. जो मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन, असं त्यांनी १९५४ साली पुरुष मल्लांना आव्हान दिलं. बडोद्यात छोटा गामा नावाचा मल्ल समोर येणार होता. बाईशी लढणार नाही म्हणून त्यानं अंग काढून घेतलं. त्याच्या जागी बाबा पैलवान उतरला आणि १ मिनिट ३४ सेकंदांत पडला. छोट्या गामाचं कारण अब्रूचं होतं की धास्तीचं, हे त्या ९४ सेकंदांनंतर ज्यानं त्यानं ठरवावं.

कोल्हापूरनंही यात शोभा करून घेतली. इथं हमीदा बानूंनी एका पुरुष मल्लाला हरवलं, तर लोकांनी हुर्यो करत दगड मारले. पोलीस बोलवावे लागले. म्हणणं काय, तर कुस्ती नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली आहे. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांनीही हमीदा बानूंच्या कुस्त्यांवरच्या बंदीचं कारण सांगताना हाच मुद्दा काढला: त्या बाई आहेत म्हणून नव्हे, समोर नकली मल्ल उभे केले जातात अशा तक्रारी आहेत म्हणून. तक्रारी खऱ्या असतीलही. त्या काळी ठेकेदार काय वाट्टेल ते करत. पण नुराचा संशय फेडायला उपाय एकच असतो, नाव असलेला, पारखलेला गडी समोर घालायचा. पुण्यात तसं ठरलंही होतं, रामचंद्र साळुंखे यांच्याशी. कुस्तीच्या स्थानिक संघटनेनं हरकत घेतली आणि ती जोड मोडली. म्हणजे नकली म्हणून हिणवायचं आणि असली कुस्तीही होऊ द्यायची नाही! या न झालेल्या कुस्तीच्या हकिकतीत नाव राहिलं ते साळुंख्यांचं, हरकत घेणाऱ्यांपैकी कुणाचंच नाही.