प्लगवरील लोहचुंबकाची साक्ष

आमच्या शाळेंतील कित्येक विद्यार्थ्यांचे वडील ट्रकच्या धंद्यांत आहेत. कोणी चालक, कोणी मिस्त्री, तर कोणी स्वतःच्या एकुलत्या एका गाडीचे मालक. अशाच एका पालकांनीं गेल्या पावसाळ्यांत आम्हांस पुढील हकीकत सांगितली. ते आपल्या ट्रकच्या गिअरबॉक्समधील ऑइल बदलीत होते. दुसऱ्या दिवशीं पहांटे कांदा भरून मुंबईस निघावयाचें होतें. नववींत शिकणारी त्यांची कन्या हातांत बॅटरी धरून जवळ उभी होती. खालचा ड्रेन प्लग काढून ते तो नेहमींप्रमाणें चिंधीनें पुसणार, इतक्यांत तिनें विचारलें, "बाबा, ह्याला ह्या कपच्या कसल्या चिकटल्या आहेत?" पाहतात तों प्लगच्या टोंकास पोलादाच्या चार-पांच पातळ चकत्या! घरांत एकच गाडी, तिच्यावर बँकेचा हप्ता, आणि भाडें ठरलेलें. अशा वेळीं चिंधी फिरवून मोकळें होण्याचा मोह कोणासहि झाला असता. ह्या गृहस्थांनीं तो आवरला. त्याचें फळ काय मिळालें तें शेवटीं सांगूं. आधीं ह्या चकत्या येतात कोठून व त्या प्लगलाच कां चिकटतात, हें वाचकांनीं समजून घ्यावें.

धातूवर धातू घासला कीं दोहोंची झीज होते. ही झीज टाळण्यासाठीं यंत्राच्या फिरत्या भागांमध्यें तेलाचा पातळ पडदा राखलेला असतो. हा पडदा पुष्कळ ठिकाणीं अवघ्या कांहीं मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा १,००० वा भाग. माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. यावरून ह्या पडद्याच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. तेलाचीं इतर कामेंहि आहेत. तें उष्णता वाहून नेतें, गंज रोखतें, आणि काजळी व धातूचा कीस धुवून आपल्या पोटांत घेतें. डिझेल इंजिनांतील नवें तेल थोड्याच दिवसांत काळें पडतें, तें ह्या काजळीमुळें. तेव्हां नुसत्या काळेपणावरून तेल बिघडलें असें समजूं नये. गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलें अंतर पुरें होतांच तें बदलावें.

हा कीस अडविण्यासाठीं इंजिनास फिल्टर असतो. परंतु अत्यंत बारीक कण त्यांतून निसटतात. शिवाय फिल्टर तुंबल्यास तेल त्याला वळसा घालून जाईल अशी एक झडप ठेवलेली असते. कारण यंत्रास मुळींच तेल न मिळण्यापेक्षां मळकें तेल मिळालेलें बरें. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांत तर पुष्कळदां फिल्टर नसतोच, आणि दांते मात्र पोलादाचे. म्हणून अनेक गाड्यांच्या ह्या भागांचे प्लग कारखान्यांतूनच टोंकास लोहचुंबक बसवून येतात. तेल फिरतां फिरतां जवळून जाणारा लोखंडाचा कण तो धरून ठेवतो.

ह्या कामास बळकट चुंबक लागतो. जपानांतील मिशिमा यांनीं इ. स. १९३१ मध्यें लोखंड, निकेल व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणापासून पूर्वींपेक्षां पुष्कळ जोरदार चुंबक तयार केला, आणि इ. स. १९८२ मध्यें सागावा यांनीं निओडिमियम, लोखंड व बोरॉन यांचा त्याहूनहि समर्थ चुंबक शोधून काढला. मात्र साधा निओडिमियम चुंबक सुमारें ८० अंश सेल्सियसच्या पुढें दुर्बळ होऊं लागतो, आणि चालत्या इंजिनांतील तेल १०० अंशांपर्यंत व त्याहूनहि अधिक तापतें. म्हणून इंजिनासाठीं प्लग घेतांना तो उष्णता सोसणारा आहे कीं नाहीं, हें विचारून घ्यावें.

चुंबकाची दुसरी मर्यादा विद्यार्थ्यांस वर्गांतच पाहतां येईल. एका वाटींत थोडें गोडें तेल घेऊन त्यांत लोखंडाचा कीस, पितळेचा कीस आणि बारीक वाळू कालवावी. चुंबक पातळ पिशवींत गुंडाळून तेलांत फिरवावा व बाहेर काढावा. लोखंड तेवढें वर येईल. पितळ आणि वाळू तळाशींच राहतील. इंजिनांतहि असेंच घडतें. बेअरिंगमधील तांबें व शिसें, पिस्टनचें ॲल्युमिनियम, किंवा हवेबरोबर आंत शिरलेली धूळ यांस चुंबक धरीत नाहीं. यास्तव प्लग स्वच्छ निघाला म्हणून यंत्र निर्दोष आहे असें मानूं नये. काढलेलें तेलहि उन्हांत धरून सोनेरी चमक दिसते काय, तें पाहावें.

आतां तेल बदलण्याची सोपी रीत सांगतों. गाडी सपाट जागीं उभी करून चाकांखालीं दगड लावावे. यंत्र बंद करून तेल कोमट असतांनाच सोडावें. तें पातळ असल्यामुळें गाळ सोबत घेऊन उतरतें. कढत तेलानें हात भाजतो, हें विसरूं नये. प्लगला दर वेळीं नवें वायसर घालावें, आणि आवळतांना पान्यास पाईप लावून जोर करूं नये, नाहींतर चेंबरचे आटे जातात. मोठ्या ट्रकच्या इंजिनांत २० ते ४० लिटर तेल मावतें; म्हणून कांहीं मालक प्लगच्या जागीं तोटी बसवितात. तिची दांडी पाव फेरा फिरविली कीं तेल नळीवाटे थेट डब्यांत उतरतें. सोय मोठी, परंतु प्लग काढण्याचा प्रसंगच न आल्यामुळें त्यावरील कीस पाहण्याचाहि प्रसंग येत नाहीं. अशांनीं पिशवींत गुंडाळलेला चुंबक काढलेल्या तेलाच्या तळाशीं फिरवून पाहावा. हें जळकें ऑइल जमिनींत वा गटारांत ओतूं नये. भारत सरकारच्या इ. स. २०१६ च्या नियमांप्रमाणें तें घातक टाकाऊ पदार्थांत मोडतें. तें डब्यांत सांठवून अधिकृत घेणाऱ्यासच द्यावें. तें त्वचेसहि अपायकारक आहे, म्हणून हातमोजे घालावे.

प्लगवर काय दिसलें म्हणजे काय समजावें? काजळासारखा मऊ, करडा लेप असेल तर ती रोजची झीज होय. नव्या यंत्रांत ती पहिल्या खेपेस अधिक असते. परंतु बोटांस टोंचणारे कण, सुया किंवा चकत्या आढळल्या, तर कोठेंतरी पोलाद तुटत आहे असें समजून मिस्त्रीस दाखवावें. विमानांच्या यंत्रांत तर अशीच युक्ति दिव्यास जोडलेली असते: चुंबकावर जमलेल्या किसानें दोन टोंकें जोडलीं गेलीं कीं वैमानिकापुढें दिवा लागतो. ट्रकच्या चालकास असा दिवा नाहीं. त्यास डोळ्यांनींच पाहिलें पाहिजे.

आतां आरंभींच्या हकीकतीकडे वळूं. त्या गृहस्थांनीं रात्रींच व्यापाऱ्यास कळवून दुसरी गाडी पाहावयास सांगितलें. सकाळीं मिस्त्रीनें गिअरबॉक्स उघडला, तों एका बेअरिंगच्या कड्याचा पृष्ठभाग सोलून निघूं लागलेला दिसला. दांते अद्याप शाबूत होते. बेअरिंग बदललें, गाडी चार दिवस उभी राहिली आणि एक भाडें गेलें. तेंच बेअरिंग भरल्या गाडींत, घाटांत फुटतें, तर सगळा गिअरबॉक्स गेला असता, माल वाटेंत सडला असता, आणि जिवावरचा प्रसंगहि ओढवला असता.

त्या ट्रकमध्यें आतां एक लहानशी वही असते. तेल बदललें कीं तारीख, किलोमीटर आणि प्लगवर काय दिसलें, एवढें तींत लिहितात. अक्षर त्या मुलीचें आहे.