आयर्लंडचा 'इफ्टा'
आयर्लंडमधील चित्रपट आणि दूरचित्रवाणी क्षेत्रातील उत्तम कामाचा गौरव करणारे 'इफ्टा' पुरस्कार 2003 पासून दिले जातात. आयरिश फिल्म अँड टेलिव्हिजन अकादमी ते देते. अभिनय, दिग्दर्शन आणि पटकथेबरोबरच पडद्यामागच्या कलांनाही येथे मान मिळतो. परदेशी चित्रपटात काम केलेले आयरिश कलावंतही स्पर्धेत असतात. 'ओपनहायमर' या अमेरिकी चित्रपटासाठी किलियन मर्फी 2024 मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला. इंग्रजी बोलणाऱ्या दोन बलाढ्य चित्रपटसृष्टींच्या छायेत वाढणाऱ्या देशाला अशी दाद मोलाची वाटते.

या सोहळ्याचे सर्वांत लोभस वर्ष बहुधा 2022 असावे. त्या वर्षी कोलम बरेड दिग्दर्शित 'अॅन कालीन क्यून' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. लेखिका क्लेअर कीगन यांच्या 'फॉस्टर' या कथेवरचा हा चित्रपट मुख्यतः आयरिश भाषेत आहे. रोजच्या व्यवहारात ही भाषा वापरणारे लोक देशातही थोडेच. एका उन्हाळ्यापुरती नातेवाइकांकडे राहायला गेलेली अबोल मुलगी साकारणाऱ्या कॅथरिन क्लिंचला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि तो तिचा पहिलाच चित्रपट होता! पुढच्या वर्षी या चित्रपटाला ऑस्करचे नामांकन लाभले. आयरिश भाषेतील चित्रपटाला आंतरराष्ट्रीय विभागात हा मान प्रथमच मिळत होता.